मुळ्याच्या वाफ्यावरची संध्या

आई येडेश्वरी, बालाघाटाच्या टेकडीवर उभी राहून आमच्या या कोरडवाहू शिवारावर तू अखंड नजर ठेवतेस. तुझ्या चरणी मस्तक ठेवून हे चार शब्द लिहायला घेतो. निमित्त अगदी लहान आहे. कार्तिक लागला, विहिरीजवळच्या वाफ्यात मुळ्याने दोन दोन पाने उघडली, आणि आज दुपारी त्यांतल्या एका पानाच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढी एक नारिंगी माशी येऊन बसली. तिचे पंख धुरकट होते आणि बसण्याची ढब एखाद्या सोवळ्यातल्या पाहुण्यासारखी होती. मी काठी टेकून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो आणि मला हसू आले. चार वर्षांपूर्वी याच माशीचे मी मोठ्या आदराने स्वागत केले होते, आणि त्या स्वागतापायी एका निरपराध शेळीला तीन दिवस आखूड दाव्याला बांधून घ्यावे लागले होते. त्या रब्बीची आठवण आज पुन्हा पानापानावर उमटली आहे. ती सांगावी, एवढाच हेतू.

आमचे गाव येरमाळ्याहून दोन कोसांवर. मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकविले. व्याकरण थोडे, न्यायशास्त्र अधिक. निवृत्त झाल्यावर गावी आलो, घरामागच्या विहिरीला पाणी होते म्हणून तिथे चार वाफे केले, आणि सकाळ-सायंकाळची संध्या, दुपारचे थोडे वाचन व उरलेल्या वेळात भाजीपाला असा माझा व माझी पत्नी सुमती हिचा दिनक्रम लागला. आमच्या कुंपणाला लागून हमीदाआपांचे घर. सारे गाव त्यांना आपा म्हणते, म्हणून मीही म्हणतो, जरी वयाने त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असाव्यात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्याचाच उद्योग. त्यांचा मळा गावाबाहेर होता. मोठा रस्ता रुंद झाला तेव्हा तो मळा आणि त्यातली विहीर दोन्ही रस्त्याखाली गेली. आपांपाशी राहिले ते घर, अंगण, शहजादी नावाची एक शेळी आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत जपलेले मूठभर मुळ्याचे बी.

त्या वर्षी दसऱ्यानंतर त्या ती डबी घेऊन आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या.

"गुरुजी, सासूनं दिलेलं बी हाय ह्ये. तिला तिच्या सासूनं दिलं. मळा गेल्यापासून डबीतच हाय. आता किती दिस ठिवू? बी म्हातारं व्हायलंय."

मी म्हटले, "आपा, अंगणात पेरा की."

"अंगणात पानी कुठं हाय? अन् शहजादी ऱ्हाऊ दील का? तुमच्या हातानं मातीत घाला. समदं घाला. अर्धं ठिवून काय करू, पुढल्या साली ते उगवायचंबी न्हाई."

सुमतीने डबी हातात घेऊन हुंगली. "हिंगाचा वास येतोय अजून."

"म्हून तर किडं लागलं न्हाईत," आपा म्हणाल्या.

तो मुळा मला ठाऊक होता. बुटका, जाड, मानेशी जांभळट झाक असलेला, आणि तिखट इतका की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यावे. आता बाजारात येतो तो लांब पांढरा मुळा दिसायला राजस असतो, पण त्याला चव पाण्याची. आपांच्या मुळ्याचे बी दुसऱ्या कोणाच्या घरी उरले नव्हते. त्यांनी डबी उपडी करून माझ्या ओंजळीत रिकामी केली, तेव्हा ते लालसर, ओबडधोबड दाणे पाहून मला पूजेतल्या अक्षतांची आठवण झाली. फरक एवढाच की अक्षता सांडल्या तर दुसऱ्या घेता येतात.

अर्धे बी उगवलेच नाही. जे उगवले त्याची चाळीसेक रोपे झाली. रोज सायंकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, आपा कुंपणाशी येऊन उभ्या राहत आणि आवाज देत, "गुरुजी, पोरं कशी हायत?" मी सांगे, "पाने फुटली," "चार झाली," "आज तरारली आहेत." मग त्या मगरिबच्या नमाजासाठी घरात जात आणि मी संध्येसाठी ओसरीवर. त्या एका प्रश्नाने दिवस नीट मिटला असे वाटे. एखाद्या पोथीचे पान उलटावे तसा.

कार्तिकाच्या मध्यावर, भर दुपारी, पानांवर नारिंगी माश्या दिसू लागल्या. आमच्या शिवारात मोहरी कोणी करत नसे. आदल्या वर्षी पलीकडच्या एका मळ्यात कोणी ती केली होती, तिच्यामागून या आल्या असाव्यात. मी त्या आयुष्यात प्रथमच पाहत होतो. त्या पानाच्या कडेला बसत, शेपटीचा भाग पानाला टेकवून बराच वेळ स्थिर राहत, मग पुढच्या पानावर जात. मला वाटले, मधमाशीच्याच कुळातले कोणीतरी असणार. मी सुमतीला हाक मारून दाखविले. "पाहा, फुले येण्याआधीच पाहुणे आले. शुभ लक्षण आहे." आणि हात जोडून त्यांना म्हणालो, "या, बसा." ते शब्द आजही मला आठवतात, कारण त्यांनी माझे आमंत्रण अक्षरशः स्वीकारले.

आठवड्याने पानांना भोके पडली. पहिल्या दिवशी टाचणीएवढी, मग गव्हाएवढी, मग पानाची नुसती जाळी. मी रोज सकाळी संध्या, पूजा, नैवेद्य आटोपून, ऊन चांगले वर आल्यावर वाफ्यात जाई, पान उलटून पाही, सुलटून पाही. कीड नाही, गोगलगाय नाही, काही नाही. मग मी न्यायशास्त्र शिकविलेला मनुष्य, धूर पाहून अग्नी ओळखायला ज्याने शेकडो विद्यार्थ्यांना शिकविले, त्याने अनुमान केले. पाने खाल्ली आहेत. खाणारा दिसत नाही, म्हणजे तो येऊन जातो. येऊन जाणारा, पाने खाणारा, कुंपणापलीकडे कोण राहतो? आणि पूर्वी एकदा आमची तुळस शेंड्यापासून बुडख्यापर्यंत कोणी फस्त केली होती?

सुमती म्हणाली, "अहो, शेळी कधी पानाला भोकं पाडून ठेवते का? ती आली की पानही जातं, दांडीही जाते, वर ती खाली मान घालून मूळ उपटते."

मी म्हणालो, "पुरावा आहे. तुळस."

"तुळशीला भोकं पडली होती का?"

 मी सरळ आपांच्या दारात गेलो. जाताना मनाशी वाक्ये घोळवून अगदी मऊ करून घेतली होती.

"आपा, शहजादी सकाळची मोकळी असते का?"

"असती की. का?"

"काही नाही. वाफ्यातल्या पानांना भोकं दिसतायत."

आपा चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "माझी शहजादी?"

"मी तसं म्हणत नाही."

"म्हनत न्हाई, पर आलात तर त्याच्यासाठीच." त्यांनी हात पुसले, उठल्या, अंगणात गेल्या आणि शेळीचे दावे खुंट्याला दोन वेढे अधिक देऊन आखूड केले. "बगा. आता तिला शेपूटबी नीट हालवता यायचं न्हाई. झालं?"

मी परत आलो. त्या सायंकाळी कुंपणाशी कोणी आले नाही. "पोरं कशी हायत?" हा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शहजादी मात्र अष्टौप्रहर ओरडत होती, आणि तिच्या ओरडण्यात तर्कशास्त्राच्या सगळ्या हेत्वाभासांचा निषेध मला ऐकू येत होता. कारण भोके वाढतच होती. चाळीस रोपांतली निम्मी काड्या होऊन उभी होती.  जेवताना सुमतीने पानात भाजी वाढली आणि इतकेच म्हणाली, "शेळी बांधलेलीच आहे ना?"

आता वळून पाहतो तेव्हा वाटते, माणसाला आपल्या सद्गुणांच्या आडूनच चूक करण्याची किती सोय असते. मी आळशी असतो, झोपून राहणारा असतो, तर कधीतरी अवेळी वाफ्यात डोकावलो असतो. पण साठ वर्षे मी सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला पाटावर डोळे मिटून बसलो, याचा मला अभिमान होता. तो अभिमान वाफ्यातल्या कोणाच्या तरी चांगलाच कामी येत होता.

चौथ्या दिवशी घडले ते असे. आदल्या दुपारी गवंड्याने ओसरीवर नवी फरशी बसविली होती आणि चोवीस तास तिच्यावर पाय ठेवू नका असे बजावून तो गेला होता. पाट मांडायला जागा नव्हती. म्हणून पहाटे स्नान करून, तांब्या घेऊन मी विहिरीकडे गेलो. पूर्व नुकती तांबूस झाली होती, विहिरीच्या पाण्यावर वाफ होती, थंडी बोटांच्या टोकांवर बसली होती. आचमन केले, प्राणायाम केला, आणि अर्घ्य देण्यासाठी उभा राहिलो. घरात हे पाणी ताम्हनात पडते. इथे ते कोणाच्या पायदळी येऊ नये म्हणून मी वाफ्याच्या कडेला उभा राहून ओंजळ वर उचलली. मंत्र म्हणत ओंजळ सोडली. पाणी मुळ्याच्या पानांवर पडले, आणि पानांवरून दहा-बारा काळे ठिपके टपटप खाली गळले.

मंत्र तोंडातच राहिला. वाकून पाहिले. हिरवट काळ्या, सुरकुतलेल्या, बोटाच्या पेराहूनही लहान अळ्या. प्रत्येकजणी अंगाचे कडे करून निपचित पडली होती, जणू आता यात काही उरलेले नाही, पुढचे विधी करून घ्या. मी श्वास रोखून उभा राहिलो. थोड्या वेळाने एक कडे हळूच उलगडले, डोके वर झाले, इकडे तिकडे पाहिले आणि तो मृतात्मा शांतपणे देठावर चढू लागला.

दुसरे अर्घ्य द्यायचे राहिले आणि मी मोठ्याने हसलो. सुमती पदर सावरत धावत आली. तिला वाटले, मी पडलो.

"काय झालं?"

"चोर सापडले," मी म्हणालो. "सूर्योदयाला जेवायला बसतात. ऊन चढलं की ढेकळांखाली जाऊन झोपतात."

"म्हणजे तुम्ही पाटावर बसलात की हे पानावर बसतात."

"हो."

"आणि तुम्ही उठलात की हे उठतात."

"हो."

"किती वर्षांच्या तपश्चर्येनं जमलं हो तुम्हाला हे!" ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघेही वाफ्याच्या कडेला बसून हसलो. उरलेले अर्घ्य मी नंतर दिले. सूर्यनारायण एवढा वेळ थांबला असावा असे मला वाटते.

उजाडल्यावर मी शेजारच्या रानातून तुरीचे कोवळे शेंडे मागून आणले आणि त्यांची पेंडी हातात घेऊन आपांच्या अंगणात गेलो. आपा शेळीची धार काढत होत्या. मी पेंडी शहजादीपुढे ठेवली आणि हात जोडले.

आपांनी मान वर केली. "ह्ये कुनासाठी?"

"शहजादीसाठी. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

"माझ्याम्होरं हात जोडा ना मग. ती काय बोलनार?"

"तुमच्यापुढेही जोडतो, आपा."

 मग त्यांच्या गालाला खळी पडली. "अल्ला! गुरुजी, बकरीची माफी मागायला आलात व्हय? आता ही शेफारनार. उद्यापासनं म्हनंल, मला शेंडेच पायजेत." आणि दावे सोडता सोडता त्यांनी हळूच विचारले, "पोरं कशी हायत?"

मी काय झाले ते सांगितले. त्या ऐकत राहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "म्याबी कशी बगनार? पहाटं फज्रच्या वक्ताला म्या नमाज पढाया जानमाजवर बसलेली, दिस मावळता मगरिबला जानमाजवर. तुमच्या देवाची येळ, माझ्या अल्लाची येळ, अन् ह्या मुडद्यांची जेवायची येळ, एकच!"

त्याच सकाळी कृषी सहायक वैशालीताई शेजारच्या हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला आल्या होत्या. मी त्यांना बोलावून आणले. त्यांनी एक अळी तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही फुलपाखराची अळी न्हाई. माशीची हाय. करवत माशी म्हणतात. पोटाखालचे पाय मोजा बरं." पंचांग वाचायचे भिंग आणून मी मोजले. पुढच्या सहा पायांमागे पोटाखाली ठेंगण्या पायांच्या आठ जोड्या होत्या. फुलपाखराच्या अळीला तिथे पाचांहून अधिक जोड्या नसतात, असे त्यांनी सांगितले. मग अळीच्या आईविषयी, त्या नारिंगी माशीविषयीही सांगितले. तिच्या शेपटीपाशी बारीक करवत असते, तिने ती पानाची कड चिरते आणि त्या चिरेत एकेक अंडे ठेवते. म्हणजे मी "या, बसा" म्हटले तेव्हा त्या पाहुण्या आमच्या पानांना करवत लावीत होत्या. तरीही, त्या एवढ्याशा देहात एवढे नाजूक हत्यार कोणी बसविले असेल, या विचाराने माझे हात आपोआप जोडले गेले. आपांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता तिलाबी माफी नका मागू."

वैशालीताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. हिची चुलत भावंडे थंड मुलखांत पाइनच्या झाडांवर जगतात. आपल्या मूळ ठिकाणी ती झाडांशी कसेबसे जमवून घेतात, पण माणसांच्या ये-जा करण्याबरोबर एखाद्या परक्या मुलखात पोचली की तिथे त्यांना आवरणारे कोणी नसते आणि डोंगरउतारावरची हिरवी झाडे तपकिरी पडतात. मला बद्रीच्या यात्रेत पाहिलेली चिडाची, म्हणजे तिकडच्या पाइनची, झाडे आठवली. सुईसारख्या पानांतून वारा जाताना होणारा तो नदीसारखा आवाज आठवला. तो आवाज एका एवढ्याशा जिवाने गिळून टाकावा! आमच्या बालाघाटावर चीड नाही. इथे लिंब, बाभूळ, बोर. ज्या माश्यांच्या वाट्याला आभाळाला लागलेली अरण्ये आली त्या अरण्ये खातात. आमच्या वाट्याच्या माशीला आपांच्या चाळीस रोपांवर भागवून घ्यावे लागले. पण तिने ती सगळी खाल्ली असती तर आमच्याही मुलखातले एक अरण्य संपले असते. हिंगाच्या डबीत मावणारे.

उपाय तीन मिळाले. वाफा एकदा तुडुंब भरून पाणी द्यायचे, म्हणजे ढेकळांखालच्या अळ्या बुडतात. वाळलेल्या कारल्याच्या बिया वाटून त्यांचे पाणी पानांवर शिंपडायचे, म्हणजे त्यांना पान नकोसे होते. आणि पहाटे व सायंकाळी, त्या जेवायला बसतात त्याच वेळी, हाताने वेचायच्या. पहिले दोन सोपे होते. तिसऱ्यापाशी मी अडलो.

दुसऱ्या पहाटे आपा फज्रची नमाज उरकून, डोक्यावरची ओढणी तशीच ठेवून, पाण्याचे घमेले घेऊन आल्या. मी संध्या वाफ्यावरच केली. मग एकेक रोप हलवायचे, अळ्या खाली पडायच्या, त्या उचलून घमेल्यात टाकायच्या. माझा हात पुढे होईना. आपांच्या लक्षात आले.

"तुमी नुसतं झाड हालवा, गुरुजी. म्या उचलते. पाप माझ्या पदरात."

मला मोठाच आधार वाटला, आणि मी तत्परतेने रोप हलविले. मागून सुमतीचा आवाज आला. "हलवणारा आणि टाकणारा, दोघं सारखेच. शास्त्रात असंच आहे ना?"

तसेच आहे. मी खाली बसलो आणि पहिली अळी स्वतःच्या हाताने उचलली. ती तळहातावर अंगाचे कडे करून मेल्याचे सोंग घेऊन पडली होती. मी तिला म्हणालो, "बाई, तुझेही पोट आहे हे मला कळते. पण ही शेवटची ओंजळ आहे." आणि घमेल्यात सोडली. त्या दिवसापासून रोजच्या जपानंतर एक माळ मी या अळ्यांसाठी ओढू लागलो. आपांना सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्याबी दुआत घेते त्यास्नी."

ते वीस-पंचवीस दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत मोजतो. पहाटेच्या अंधुक उजेडात तीन म्हातारी माणसे वाफ्यात ओणवी बसलेली, पाठीवर घोंगडी, हात मातीने गार, आणि तोंडाने अखंड बडबड. आपांनी एकदा घमेल्यातल्या अळ्या आपल्या कोंबडीपुढे टाकून पाहिल्या. कोंबडीने एक चोचीत घेतली, मान झटकली, टाकून दिली आणि आपांकडे असे पाहिले की त्या म्हणाल्या, "बगा कशी बगायली, जशी म्या हिला कारल्याची भाजी वाढली!" सुमतीने कारल्याचा विषय निघताच कान टवकारले, कारण बिया तिच्याच होत्या. पूर्वेला तांबडे फुटे, विहिरीवरचे पारवे उडत, येरमाळ्याच्या वाटेने दुधाच्या मोटारसायकली जाऊ लागत, आणि रोज एक दोन अळ्या कमी मिळत. चाळीसांतली अकरा रोपे जगली.

आपा म्हणाल्या, "अकरा लई झाली. एकटा मुळा बी धरत न्हाई, गुरुजी. त्याला सोबत लागती." पुढे मार्गशीर्षात त्या अकरा रोपांना पांढरी, कडेला जांभळट फुले आली, आणि त्यांच्यावर खऱ्या मधमाश्या आल्या. या वेळी मी "या, बसा" म्हणण्याआधी भिंग घेऊन नीट पाहिले.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला सारे गाव रानात जेवते. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि रानातल्या साऱ्या शेंगा-भाज्या एकत्र करून केलेली भज्जी. जो वाटेने जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचे. त्या वर्षी आम्ही विहिरीजवळच खोप केली आणि आपांना बोलाविले. मुळ्याला तेव्हा कोवळ्या शेंगा, ज्यांना आम्ही डिंगऱ्या म्हणतो, धरू लागल्या होत्या. भज्जीत डिंगरी पडली की तिचा तिखटपणा साऱ्या भाजीला जाग आणतो. सुमती दोन-चार तोडायला निघाली तेव्हा मी आडवा झालो. "एकही तोडायची नाही. प्रत्येक डिंगरीत पुढच्या वर्षाचे पाच-सहा मुळे आहेत."

तेवढ्यात आपा उठल्या, वाफ्यात गेल्या, सर्वांत भरदार अशी एक डिंगरी त्यांनी खुडली आणि आणून माझ्या हातावर ठेवली.

"पहिली तुमच्या देवीची. ठिवा तिच्याम्होरं."

"आपा, हे बी तुमचं आहे. आणि इतकं थोडं उरलंय."

"थोडं हाय म्हून देवाला न्हाई द्यायचं? मग कंदी द्यायचं?"

मी इतकी वर्षे दानाचे माहात्म्य शिकविले. त्या दिवशी शिकलो. ती डिंगरी खोपीत ठेवली, नैवेद्य दाखविला, आणि मग सुमतीने तिचे तीन तुकडे करून प्रत्येकाच्या पानात एकेक वाढला. चावताच माझ्या डोळ्यांत पाणी आले. मुळा तिखट होता.

फाल्गुनात शेंगा वाळल्या. पाटावर टाकून लाटणे फिरविले, सुपात पाखडले, आणि एक पेलाभर बी निघाले. आपांनी हिंगाची डबी आणली, तीत थोडे भरले, थोडे मला दिले आणि उरलेल्या ढिगाकडे पाहत बसल्या. "गुरुजी, एकाच डबीत ठिवलं म्हून ही पाळी आली. आता गावगाव जाऊ द्या." चैत्रात आई येडेश्वरीच्या यात्रेला जाणारी माणसे आमच्या गावावरून चालत जातात, आमच्या अंगणात पाणी पितात, सावलीला टेकतात. त्या वर्षी आपा आणि सुमती दोघी अंगणात बसल्या. ज्याच्याकडे विहीर आहे, वाफा आहे, त्याला विचारून चिमूटभर बी कागदाच्या पुडीत देत. कोणी भूमचे होते, कोणी परंड्याकडचे, कोणी कळंबच्या बाजूचे. पुडीबरोबर मी माझा फोन नंबर लिहून दिला. तो का दिला, हे मलाही तेव्हा नीट सांगता आले नसते.

वर्षे गेली. दरवर्षी माझ्या वाफ्यात मुळा येतो, दरवर्षी थोड्या अळ्या येतात, दरवर्षी आम्ही वेचतो. पुड्यांचे काय झाले ते कळले नाही. बहुधा कोणाच्या खिशात धुतल्या गेल्या असतील, कोणाच्या कोनाड्यात उंदराने नेल्या असतील, असे समजून मी चाललो होतो. आपा मात्र विचारीत राहिल्या, "कुनाचा फोन आला का, गुरुजी?" मी नाही म्हणे.

आज दुपारी ती नारिंगी माशी पाहून मी घरात आलो आणि फोन वाजला. पलीकडे परंड्याजवळच्या एका गावातली बाई होती. आवाज घाबरलेला.

"गुरुजी, तुमी मागं यात्रंत मुळ्याचं बी दिलं होतं, त्यातली म्या. दर साली घरचंच बी धरते, लई तिखट मुळा हाय, समदी मागत्यात. पर औंदा पानाची चाळण झाली अन् किडा दिसंना. शेजारणीची शेळी हाय, तिचंच काम असंल. मी आता तिला चांगलं सुनावणार हाय."

मी एकदम म्हणालो, "थांबा! बाई, शेळीला काही बोलू नका. तुम्ही सकाळी देवपूजेला किती वाजता बसता?"

ती गोंधळली. "देवपूजेचा काय संबंध, गुरुजी?"

"आहे. उद्या पूजा अर्धा तास मागे टाका, देव रागावणार नाही. सूर्य उगवायच्या वेळी वाफ्यात जा आणि पानावर पाणी शिंपडा." मग कारल्याच्या बिया, भरून पाणी, हाताने वेचणे, सगळे सांगितले. तिने सारे पुन्हा म्हणून दाखविले. शेवटी म्हणाली, "मग शेजारणीकडं न जाऊ?"

"जा. पण डिंगऱ्या आल्यावर जा. आणि चार बिया तिलाही द्या."

सायंकाळी दिवेलागणीच्या जरा आधी आपा कुंपणाशी आल्या. आता त्यांच्या हातात काठी असते. शहजादीही म्हातारी झाली आहे, तिचे पिलू त्यांच्या मागे उभे होते.

"गुरुजी, पोरं कशी हायत?"

"इथली बरी आहेत," मी म्हणालो. "परंड्याची मात्र आजारी आहेत, आपा. त्यांना काळ्या अळ्या लागल्यात."

त्या काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग काय ऐकले ते त्यांना हळूहळू उमजत गेले, आणि त्यांचा सारा चेहरा उजळला. "परंड्यात? माझ्या सासूचा मुळा परंड्यात हाय?" त्यांनी ओढणीचा पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "लागू द्या की अळ्या. जित्या झाडालाच लागत्यात."

त्या नमाजाला गेल्या. मी पाट घेऊन वाफ्यावर आलो. पश्चिमेला आभाळ पिकल्या बोरासारखे झाले होते. ओंजळ भरली, वर उचलली, आणि पाने भिजतील अशी सोडली.

वाचकहो, आई येडेश्वरी आपल्या घरातल्या प्रत्येकाला सुखी ठेवो. आपल्या विहिरीला पाणी आणि आपल्या अंगणाला सावली असो. आपल्या कुंपणापलीकडून रोज सायंकाळी कोणीतरी आपल्या पोराबाळांची खुशाली विचारो. आणि आपल्या घरच्या डबीत जे काही शेवटचे मूठभर उरले असेल, ते अनेक वाफ्यांत रुजो.